परतीची ओढ

कुमुदिनी सामंतांनी आठवडाभर अंगणातल्या फणसाकडे बघून सराव केला होता. माणूस परत येईल की तिकडेच राहील, हे व्हिसा ऑफिसातलं यंत्र डोक्यावर टोपी चढवून मनातल्या ओढीवरूनच ठरवतं, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

टोपी चढली. त्यांनी डोळे मिटून घर आठवलं, विहीर आठवली. पडद्यावरची इकडच्या ओढीची हिरवी रेघ ढिम्म हलली नाही.

"फणससुद्धा आठवतेय हो मी," त्या कळवळून म्हणाल्या.

"मुलीकडे कशासाठी चाललात?" समोरच्या तरुण अधिकारी बाईनं विचारलं.

"पहिलं बाळंतपण तिचं. बाळंतविडा शिवलाय. कुंची, अंगडी, टोपडी..."

तिकडच्या ओढीची लाल रेघ पडद्याच्या टोकाला जाऊन टेकली.

अधिकारी बाईनं आवाज खाली आणला. "मावशी, अशानं महिन्याचासुद्धा व्हिसा नाही देता येणार. इथं कुणीच नाही का तुमचं?"

"हे होते तोवर होतं सगळं."

तेवढ्यात हिरवी रेघ किंचित वर सरकली. अधिकारी बाई पुढे झुकली. "आत्ता काय आलं मनात? तेच धरून ठेवा."

"काही नाही गं. तू मावशी म्हणालीस ना, म्हणून."

व्हिसाला लागणारी खूण अजून बरीच वर होती. मागे रांग खोळंबली होती. टोपी काढायला पुढे केलेला हात अधिकारी बाईनं मागे घेतला आणि खुर्ची जवळ ओढली.

"मावशी, फणस कापा की बरका?"