पहिला घोट

निलंग्याच्या आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा प्याला एकच, सगळे त्यातूनच घोट घेतात. तो पुढच्या बाकावरून, शिवम्माकाकूंसारख्या पाटलांच्या घरांपासून सुरू होतो आणि आम्हा मांगवाड्यातल्या लोकांच्या बाकाशी येऊन संपतो. आजोबांच्या बाप्तिस्म्यापासून हेच चाललंय.

त्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "आज प्रभूसमोर मोकळं बोलायचं. मनात काही ठेवायचं न्हाई."

मी उठले. "जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडाली म्हणता ना? मग आमचा उष्टा प्याला तुमच्या तोंडाला का चालत न्हाई?"

मग शिवम्माकाकू रडत माझ्या गळ्यात पडल्या. "लई चुकलं गं, एस्तेर."

पुढच्या प्रभुभोजनाला काकूंनी स्वतः हात धरून मला पहिल्या बाकावर, आपल्या शेजारी बसवलं. आज पहिला घोट माझा होता. प्रार्थना करून डोळे उघडले, तर पाळकसाहेब ट्रे घेऊन समोर उभे. ट्रेमध्ये प्लास्टिकचे इवले इवले पेले, माणशी एक.

"काकूंनीच चर्चला दिलेत," ते हसून म्हणाले. "आता कुणी पहिलं न्हाई, कुणी शेवटलं न्हाई."

सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' काकू म्हणाल्या.