बसलेली गाडी

“कुठल्या गाढवानं हात लावला हो हिला?” जितेशनं गाडीखालून विचारलं.

नम्रता एक पाऊल मागं सरकली. शेजारी घरकामाची सरू उभी होती. जितेशला खालून दोघींचे फक्त पाय दिसत होते. सरूचे अनवाणी, नम्रताचे बुटात. घरातल्या घरात बूट! शेठची बायको पडली ना, तिचं सगळंच वेगळं.

गाडी धनेशशेठची. एक बटण दाबलं की हायड्रॉलिकच्या जोरावर वीतभर उंच होणारी, दगडधोंड्यांतून, पाण्यातून म्हशीच्या निवांतपणानं जाणारी. सगळ्या पेण-रोह्यात अशी दुसरी नव्हती. आणि आज ती रोह्याबाहेरच्या या फार्महाऊसच्या शेडमध्ये चाकांवर अंग टाकून बसली होती. जॅक लावून जितेश कसाबसा खाली शिरला होता.

पेणहून नागोठण्यामार्गे मोटारसायकल हाणत आल्याचं त्याला काही वाटत नव्हतं. पुढच्या महिन्यात शेठची टीम गाड्या घेऊन हिमालयात जाणार होती. टीमला मेकॅनिक हवा होता. ही गाडी आज उभी राहिली की ती जागा त्याचीच. येताना नाक्यावरच्या पोरांना तो तसं सांगूनही आला होता.

“हायड्रॉलिकच्या तेलाची टाकी कोरडी ठणठणीत! आणि फरशीवर एक डाग नाही. तेल काय उडून गेलं?”

“मीच पुसला डाग,” सरू घाईघाईनं म्हणाली.

“वा! गळती शोधायला डागच तर लागतो. तोच पुसलास. हुशार हायस.”

मग त्यानं फ्यूजचा डबा उघडला आणि कपाळावर हात मारला. पंपाचा फ्यूजच नाही! तेल सोडायचे स्क्रूही ढिले. हे गाडीचं दुखणं नव्हतं, कुणीतरी अक्कल पाजळलेली होती.

“शेठना सांगितलंत?”

“नाही. ते अलिबागला गेलेत,” नम्रता म्हणाली. “संध्याकाळी येतील. त्याआधी गाडी उभी राहायलाच हवी.”

जितेशच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिनंच मोडलीय! नवरा नसताना खुडबुड केली, आता तंतरलीय. सकाळपासूनचं सगळं त्याला उलगडलं. गाडीच्या काचेवर त्याच्या गॅरेजचा स्टिकर होता, त्यावरून फोन केला होता तोही सरूच्या मोबाईलवरून. का, तर म्हणे माझा बिघडलाय. पुढं चांगला डांबरी रस्ता असताना त्याला मागच्या ओढ्यातून यायला लावलं, कारण फाटकावर वॉचमन नाथा. नाथाला कळलं की शेठना कळणार! आणि गाडीची चावी? ती बाईनं तूरडाळीच्या डब्यातून काढून दिली होती. डाळीच्या डब्यातून! चावीवरची डाळ झटकताना त्याला हसू आवरेना.

“घाबरू नका वहिनी,” तो ऐटीत म्हणाला. “तुम्ही मोडलीत हे माझ्या तोंडून जायचं नाय. चहा तेवढा टाका.”

“चहा नाही मिळणार. गॅस बंद केलाय.”

एवढा मोठा बंगला आणि कपभर चहा नाही. श्रीमंतांचं हे असंच, जितेश पुटपुटला.

त्यानं स्क्रू आवळले, टाकी भरली, स्वतःकडचा फ्यूज बसवला. मग नम्रताच्या हातात नळी आणि बाटली दिली. “धरा. मी स्क्रू सोडतो. नळीतून बुडबुडे यायचे थांबले की सांगा. तेवढं तरी जमेल ना?”

तिला जमलं. वर ती प्रश्नही विचारत सुटली. वाटेत पुन्हा बसली तर? कुठला पाना? आधी पुढचं चाक की मागचं? जितेशनं उसासे टाकत, लहान पोराला पाढे शिकवावेत तसं सगळं सांगितलं. बायकांना काय, आत्ता ऐकतील, उंबरठा ओलांडेपर्यंत विसरतील.

“आता इंजिन चालू करा. हे बटण दाबा. वरचं हं, खालचं नाही!”

पंप घुरघुरला. गाडीची मागची बाजू उचलली, मग पुढची. दमलेलं जनावर उठावं तशी ती उभी राहिली. जितेशनं बोनेटवर थाप मारली.

“ओढा पार होईल?” नम्रतानं विचारलं.

“ओढा? समुद्र दाखवा तिला!”

“मग ट्रायल मीच घेते.”

“तुम्ही?” तो खो खो हसला. “घ्या, घ्या. अडकलात तर हाक मारा. मोटारसायकलनं ओढून काढीन.”

सरू आतून एक गाठोडं घेऊन आली आणि शेजारच्या सीटवर चढून बसली.

“हिला कशाला? आणि ते काय?”

“इस्तरीचे कपडे हायत,” सरू म्हणाली.

गाडी मागच्या उतारावरून ओढ्यात शिरली. पाणी अर्ध्या चाकापर्यंत आलं, पण ती डगमगली नाही. पलीकडचा चढ तिनं एका दमात घेतला. जितेशनं पटकन फोटो काढला. असा पुरावा शेठना न दाखवायचा म्हणजे मूर्खपणाच. बाईला दिलेला शब्द? नाव तर घेणार नव्हता तो. त्यानं फोटो पाठवला आणि त्याखाली आवाजातच निरोप धाडला, “शेठ, तुमची गाडी उभी केली बघा! ज्या गाढवानं तेल काढून फ्यूज पळवला ना, त्याला एकदा माझ्याकडं पाठवा. आणि हिमालयाचं तेवढं लक्षात असू द्या.”

वळणावर गाडीचा ब्रेक लाइट लागला नाही. परत फिरायला जागा शोधत असतील, त्याला वाटलं. तो दगडावर बसून हातावरचं तेल पुसू लागला.

मोबाईल वाजला. शेठचं उत्तर होतं. टीममध्ये ये, असंच असणार, म्हणून त्यानं हसत हसत उघडलं.

“तेल मी काढलं होतं. नम्रता कुठाय?”