मेलेल्याचं स्टेरिंग

"चाचा, पाया पडतो, तेवढं स्टेरिंग द्या!"

भैरू ड्रायव्हर अपघातातल्या ट्रकच्या केबिनला धरून उभा होता. त्याची स्वतःची गाडी स्टेरिंग मोडून घाटात अडकून पडली होती, बर्फ वितळून आतली मासळी वास मारायला लागली होती. माल सडला तर मालक गाडीवरून हाकलणार होता. अख्खा भंगारबाजार पालथा घातल्यावर त्याच्या गाडीला बसणारं स्टेरिंग इथंच सापडलं होतं.

भंगारवाले मुनीरचाचा हलले नाहीत. "ह्या गाडीत ड्रायव्हर मेलाय. मेलेल्याचं स्टेरिंग आम्ही विकत नाही. घरचं माणूस मागायला आलं तरच देतो."

"मी... धाकटा भाऊ त्याचा," भैरूच्या तोंडून निघून गेलं.

चाचांचा चेहराच पालटला. त्यांनी स्वतः पाना घेतला, स्टेरिंग खोलून भैरूच्या हातात ठेवलं. "बदली ड्रायव्हर होता बिचारा. नाव कुणालाच माहीत नव्हतं. बेवारस म्हणून जाळला. बरं झालं, तू आलास."

फाटकाच्या पत्र्यावर अशाच मेलेल्या ड्रायव्हरांची नावं लिहिलेली होती. चाचांनी खडू उचलला.

"सांग बाळा, काय नाव होतं भावाचं?"

भैरूनं स्टेरिंग छातीशी घट्ट धरलं. दुसरं नाव त्याला सुचेना.

"भैरू," तो म्हणाला.