नगाऱ्यांमधल्या रिकाम्या जागा

"बाबा तोंडाने काहीच बोलले नाहीत?" अदुसेईने पुन्हा विचारलं.

सेरवाआत्याने आपला मोबाइल त्याच्या हातात दिला. "जे काय आहे ते ह्यात आहे. तुला मी काय सांगायचं? नगारचीचा लेक तू!" फुफूच्या गोळ्यांचा जेवणाचा डबा टेबलावर ठेवून ती गावाकडची, माम्पोंगची गाडी पकडायला निघून गेली.

बापलेकांत कैक वर्षं अबोला होता. बाप नाना अम्पोन्सा म्हणजे गावच्या दरबारातला मानाचा नगारची. पोरगं रॅप करायला कुमासीला पळालं, तेव्हा त्याने रागाने दार लावून घेतलं होतं. आता पोराचा पहिला अल्बम होत आला होता. आजोबांच्या काळच्या हायलाइफ नाचगाण्यांतलं गिटार, चर्चमधल्या बायकांचे सूर आणि वर रॅप, अशी सगळी खिचडी. तो बाहेर पडण्याआधी बापाचा आशीर्वाद घ्यावा, असं अदुसेईला फार वाटत होतं. आत्याकरवी त्याने एवढंच विचारलं होतं, घरी येऊ का?

आणि उत्तर काय, तर मोबाइलमध्ये नुसते नगारे!

लहानपणीही हेच. बाप अंगणात नगाऱ्यांची जोडी घेऊन बसे, वाजवून काहीतरी सांगे आणि विचारी, "कळलं?" अदुसेईचं लक्ष बाहेरच्या पोरांकडे. "कळलं, कळलं," म्हणत मान डोलवायची आणि धूम ठोकायची. बाप बिचारा खूश.

स्टुडिओतला फीफी, समुद्राकाठच्या फांटी जमातीचा माणूस, ऐकून हरखला. "काय हात आहे रे म्हाताऱ्याचा! पण तेच तेच वाजवतोय. मधेच थांबतो, पुन्हा तेच."

"रागावला की असाच बडवत सुटतो. साधं 'नको येऊस' म्हणणंसुद्धा जड झालं त्याला." अदुसेई उसळला. राग तरी बापाचाच ना! "ह्या रिकाम्या जागा काप. सगळ्या."

त्या सलग नगाऱ्यांवर त्याने एका दमात शब्द रचले. ठेव तुझं दार, ठेव तुझी कडी, मी आता येणार नाही. फीफी खुर्चीतून उठलाच. "हेच आधी सोड बाजारात!"

गाणं तुफान चाललं. रेडिओवर तेच, भाड्याच्या गाड्यांत तेच, केशकर्तनालयात तेच.

अल्बम प्रकाशित झाला त्या संध्याकाळी मैदान तुडुंब भरलं होतं. ह्या गाण्याला पोरं बेभान नाचली. मागच्या खुर्च्यांवरची म्हातारी माणसं तेवढी गप्प होती. एकाने तर डोळे पुसले. अदुसेई मंचावरून उतरला, तर समोर सेरवाआत्या.

"बाबांनी ऐकलं?"

"रोज ऐकतो. शेजारच्या दुकानात लागतं."

"मग? जिरली का आता तरी?"

आत्या चमकली. "अरे, तुला ते कळलं नव्हतं?"

"त्यात कळायचंय काय? शिव्याच घातल्या असतील."

आत्या शेजारच्या खुर्चीत बसली. खुर्चीच्या हातावर तिने बोटांनी तोच ठेका धरला आणि एकेका ठोक्याबरोबर एकेक शब्द म्हणत गेली, "अदुसेई, माझ्या लेका, दार उघडंच आहे. कधी येतोस, सांग."