मधलं दार

क्रूझच्या सहलीहून परतलं की वेगळं व्हायचं, हे नवराबायकोचं ठरलं होतं. पोरांना मात्र ताकास तूर लागू दिली नव्हती. "एका केबिनमध्ये चौघं मावणार नाहीत, दोन घ्या," बुकिंगवाली म्हणाली. "पण प्रत्येक केबिनमध्ये एक मोठं माणूस लागतंच. कोण कुणासोबत?" बायको तोंड उघडायच्या आत नवरा बोलून गेला, "थोरली माझ्याकडे, धाकटा हिच्याकडे." पाढे म्हणावेत तसं. तिच्या लक्षात आलं, त्याने वाटणी कधीच करून ठेवली होती. "काळजी नको ताई, केबिनींना मधलं दार असतं," बुकिंगवाली समजुतीने म्हणाली. "फक्त दोन्हीकडून कडी काढावी लागते." नवऱ्याने पैसे भरायला कार्ड पुढे केलं. माहितीपत्रकातल्या घसरगुंडीवर बोट फिरवणाऱ्या थोरलीने मान वर केली. "आई, मग आपली दोन घरं झाली की त्यांना पण असं मधलं दार असेल का?"