दारावरचा कागद

इमारतीच्या दारावर कागद चिकटवायला रुमियानानं भर दुपारची वेळ निवडली, कारण तेव्हा कुणी येत-जात नसतं. दारावर आधीच चार कागद होते. सगळे गेलेल्या माणसांचे: वर काळा क्रूस, मध्ये फोटो, खाली नाव. कुणाला जाऊन चाळीस दिवस झालेले, कुणाला वर्ष. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत तिनं आपला कागद दाबून बसवला.

"इमारतीतल्या एका रहिवाशाचं फोनवरचं खातं चोरांनी बळकावलं आहे. त्या नावानं कुणी पैसे मागितले तर देऊ नका."

तो रहिवासी म्हणजे ती स्वतःच. इमारतीची कारभारीण, तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेली बाई, रहिवाशांच्या गटावर दर सोमवारी 'फोनवर आलेला गुप्त आकडा कुणालाही सांगू नका' म्हणून बजावणारी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. काल एक मार्च, मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधायचा दिवस. चौथ्या मजल्यावरच्या झ्द्राव्काच्या नावानं संदेश आला: नातीनं लाल-पांढऱ्या दोऱ्यांची बाहुली केली आहे, स्पर्धेत आहे, एक मत द्या. शेजारच्या पोरीला मत द्यायचं नाही तर कुणाला? रुमियानानं आपला नंबर घातला, फोनवर आकडा आला, तोही घातला. झ्द्राव्काची नात अवघी सात महिन्यांची आहे हे तिला संध्याकाळी आठवलं. तोवर चोरांनी खातं बळकावून तिनंच काढलेल्या गटातून तिलाच बाहेर घालवलं होतं.

घरोघरी जाऊन सांगायचं तर तोंड दाखवावं लागलं असतं. कागदाला कुणी प्रश्न विचारत नाही.

"कोण गेलं गं?"

मागे पाचव्या मजल्यावरचे स्टामेनकाका उभे होते. दारावर नवा कागद दिसला म्हणून सवयीनं टोपी आधीच हातात आली होती. रुमियाना वळली तसा त्यांनी भिंतीला हात टेकला.

"रुमियाना? अगं, तू तर दवाखान्यात होतीस."

"मी? नाही, काका."

"सकाळी तुझा संदेश आला. पडलीस, ऑपरेशन आहे, पैसे लागतील म्हणून."

"तुम्ही पाठवले?"

"लगेच नाही पाठवले. तूच शिकवलंस ना, संदेश आला की आधी माणसाला गाठून विचारायचं. फोन केला, तर तुझा बंद. मग खाली उतरलो. तुझं दार वाजवलं, दोनदा. हाकाही मारल्या."

ते रुमियानाला ठाऊक होतं. स्वयंपाकघरात ती कप हातात धरून, श्वास रोखून बसली होती. आवाज तिनं लगेच ओळखला होता. गेल्या वर्षी फोनवरच्या खोट्या पोलिसाचं ऐकून काकांनी बाल्कनीतून पैशांची पिशवी खाली टाकली, तेव्हा रहिवाशांच्या सभेत तिनंच सगळ्यांना सांगितलं होतं, 'स्टामेनकाकांसारखं करू नका.' लोक पोट धरधरून हसले होते. काकाही हसले होते, हातातल्या टोपीकडं बघत. आज म्हातारा उट्टं काढायला आलाय, असं तिला वाटलं होतं.

"कुणी उघडलं नाही," काका म्हणाले. "म्हटलं, खरंच नेलेलं दिसतंय. मग आलो पाठवून. माझ्या मातीसाठी बाजूला ठेवलेले होते."

ते चौकशी करायला आले नसते, तर तिनं सगळा दोष चोरांवर टाकला असता. पण ते आले होते. तिनं सांगितलेलं अख्ख्या इमारतीत त्यांनी एकट्यानंच नीट केलं होतं.

"मी घरातच होते, काका," ती म्हणाली. "ऐकत होते."

तिला वाटलं, आता बोलतील ते बोलू देत.

"असं होय," ते म्हणाले. "म्हणजे आता मला मरायची घाई करून चालणार नाही."

दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

"पोलिसांकडं जाऊ. मी येते बरोबर."

"जाऊ. आधी हे बघू दे." काकांनी चष्मा चढवून कागद वाचला. "एका रहिवाशाचं. कुठल्या?"

"कळेल की लोकांना."

"मला कळलं का?"

तिनं पेन काढलं. 'इमारतीतल्या एका रहिवाशाचं' खोडून वर 'माझं' लिहिलं, 'त्या'वर काट मारून 'माझ्या' केलं. खाली स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि मजला. शेजारच्या चारही कागदांवर नावं अशीच पूर्ण लिहिलेली होती. मग जरा थांबून तिनं आणखी एक ओळ घातली: "विचारायचं असेल तर दार वाजवा. उघडीन."

काका मान तिरकी करून बघत राहिले.

"फोटो लाव," ते म्हणाले. "इथं फोटो नसला की कुणी थांबत नाही."

तिला वाटलं टोमणा मारताहेत. पण ते गंभीर होते. तिनं पर्समधून बसचा पास काढला, नखानं फोटो उचकटला आणि नावाच्या वर चिकटवला. फोटोत ती हसत होती.

पहिल्या मजल्यावरची झ्लातका पिशव्या घेऊन लगबगीनं आली, फोटो पाहून थबकली. पिशव्या खाली ठेवून तिनं घाईघाईनं छातीवर क्रुसाची खूण केली आणि मग वाचायला लागली. रुमियाना शेजारीच उभी होती. ती तिथून हलली नाही.