सात शिंका

“शिंक आली की पाऊल मागं घ्यावं, बाळा,” हे आत्याचं बोलणं श्यामसुंदरांना अजून आठवतं. धुळीच्या अ‍ॅलर्जीनं वीस वर्षं त्यांच्या नाकाला पूर नि डोळ्यांना धार होती, पण घरात कुणाला डॉक्टर आठवला नाही.

परवा लेक मानसीच्या लग्नाची तारीख काढताना ते सात वेळा शिंकले. अपशकुन म्हणत मुलाकडचे अर्धा चहा टाकून उठले, आणि श्यामसुंदरांचा आजार एका दिवसात गंभीर झाला. बायकोनं त्यांना तडक अंधेरीतल्या नाकाच्या डॉक्टरकडं नेलं. “अहो, रविवारी ते पुन्हा येतायत. एक जरी शिंक आली तर बघा!”

रविवारी सकाळी ते गोळी तोंडात टाकणार, तोच मानसीनं त्यांचा हात धरला.

 

“पप्पा, आज नका ना घेऊ. मला नाही करायचं हे लग्न.”